कंपवातासाठी व्यायामाची मात्रा घरात बसवताना : माझा अनुभव

कंपवाताच्या (पार्किन्सन्सच्या) पेशंटला पहिल्या भेटीत मी विचारते, "व्यायाम किती होतो?" नाशिकमध्ये उत्तर बहुतेक वेळा ठरलेलं असतं. कृषीनगरच्या ट्रॅकवर दोन फेऱ्या, नाहीतर गोदा पार्क, नाहीतर गोल्फ क्लबचं मैदान. फेऱ्या खऱ्याच असतात. पण त्या फेरीत नाडी कुठवर गेली, दम किती लागला, हे सांगता येत नाही, कारण तोवर कुणी विचारलेलंच नसतं. माझं होम व्हिजिटचं सगळं काम या एका प्रश्नाभोवती फिरतं.

याचं कारण संशोधनात आहे. 2018 साली 'जामा न्यूरॉलॉजी'त स्पार्क्स नावाची चाचणी छापून आली. कंपवाताच्या सुरुवातीच्या टप्प्यातले, गोळ्या अजून सुरू न झालेले 128 जण त्यात होते. एका गटाला ट्रेडमिलवर कमाल नाडीच्या 80 ते 85 टक्क्यांपर्यंत चालवलं, दुसऱ्याला 60 ते 65 टक्क्यांपर्यंत, तिसऱ्याचं नेहमीचं जीवन तसंच ठेवलं. सहा महिन्यांनी हालचालींच्या तपासणीचे गुण मोजले. हे गुण वाढले की त्रास वाढला असं समजायचं. तिसऱ्या गटाचे 3.2 ने वाढले, मधल्या गटाचे 2.0 ने आणि जोरात चालणाऱ्यांचे फक्त 0.3 ने. त्यातली एक गोष्ट मी प्रत्येक घरी आवर्जून सांगते. जोरात चालणाऱ्यांना आठवड्याला 4 दिवस सांगितले होते, प्रत्यक्षात सरासरी 2.8 दिवसच झाले. म्हणजे आठवड्यातले तीन दिवस नीट दमून झाले, तर चौथा चुकला म्हणून खंत करायची गरज नाही.

पुढच्याच वर्षी नेदरलँड्समधली चाचणी आली. 130 पेशंट, घरातच ठेवलेली व्यायामाची सायकल, आठवड्यातून किमान तीनदा 30 ते 45 मिनिटं. सहा महिन्यांनी गोळीचा असर उतरलेला असताना मोजलं, तेव्हा नुसतं स्ट्रेचिंग करणाऱ्या गटापेक्षा सायकलवाल्यांचे गुण 4.2 ने चांगले होते. आजार थांबतो, असं यातून सिद्ध झालेलं नाही आणि मी तसं कुणाला सांगतही नाही. पण सायकल घरात चालते, पावसाळ्यात चालते आणि तिच्यावर तोल जात नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये हे तिन्ही मुद्दे मोठे आहेत.

ज्या घरातलं उदाहरण पुढे देते, तिथले काका 66 वर्षांचे. ताठरपणा उजवीकडे जास्त, वळताना पाय चिकटतात, म्हणजे जमिनीला खिळल्यासारखे अडतात. सगळ्यात आधी हृदयाच्या डॉक्टरांकडून स्ट्रेस टेस्ट. ती झाल्याशिवाय मी वेग वाढवत नाही, कितीही घाई असली तरी. मग बीपी : पाच मिनिटं झोपवून एकदा, उभं केल्यावर एका मिनिटाने आणि तिसऱ्या मिनिटाला पुन्हा. वरचा आकडा 20 ने किंवा खालचा 10 ने पडला तर आधी त्यासाठी डॉक्टर, सायकल नंतर. कंपवातात हे खूप जणांना असतं आणि घरचे त्याला 'चक्कर' म्हणून सोडून देतात.

नाडीचं गणित सोपं. 220 वजा वय ही अंदाजे कमाल नाडी, इथं 220 वजा 66 म्हणजे 154. त्याचे 60 टक्के साधारण 92, 80 टक्के साधारण 123. पण बीपीसाठी बीटा ब्लॉकर चालू असेल तर नाडी तेवढी चढतच नाही, आणि या आजारातही ती काहींची दबून राहते. तेव्हा आकड्याच्या मागे लागलं तर माणसाला नको तेवढं पळवलं जातं. अशा वेळी मी बोलण्यावर जाते. दोन-तीन शब्द बोलता येतात, पण अख्खं वाक्य एका दमात येत नाही, तिथं जोर वाढवणं थांबवायचं. मनगटी घड्याळ थरथरणाऱ्या हातावर बांधलं तर आकडे भलतेच दाखवतं. कमी थरथरणाऱ्या हातावर बांधा, नाहीतर छातीचा पट्टा घ्या.

गोळीची वेळ हा सगळ्यात जास्त चुकणारा भाग. लिव्होडोपा ही कंपवाताची नेहमीची गोळी घेतल्यावर साधारण पाऊण-एक तासाने हालचाल मोकळी होते, सायकल त्याच वेळेत बसवायची. या घरात सुरुवातीचे दोन आठवडे काहीच जमेना. गोळी आठला, सायकल नऊला, तरी पाय जड. मग काकूंकडून आठवड्याचा तक्ता भरून घेतला : किती वाजता गोळी, किती वाजता काय खाल्लं, हात-पाय कधी सुटले. गोळीबरोबर मटकीची उसळ किंवा वाटीभर दूध जात होतं. आतड्यातून रक्तात आणि रक्तातून मेंदूत शिरायला प्रथिनं आणि हे औषध एकाच वाटेनं जातात, त्यामुळे गोळीला रस्ता मिळत नाही. डॉक्टरांना विचारून गोळी काहीही खायच्या अर्धा तास आधी, नुसत्या पाण्याबरोबर घ्यायला लावली. रविवारची मिसळ बंद केली नाही, फक्त गोळीनंतर तासभर मागे सरकवली. जाता जाता हेही सांगते : खाजकुयलीच्या बियांत लिव्होडोपाच असतं. ती पावडर गोळीच्या जोडीला आपल्या मनाने सुरू केली, तर मात्रा नको तेवढी वाढून अंगाला वेडेवाकडे झटके येऊ शकतात.

सायकलची सीट अशी ठेवायची की पेडल सगळ्यात खाली असताना गुडघा थोडासाच वाकलेला राहील. पेडलला पट्टा हवाच, ताठर बाजूचा पाय घसरतो. सायकलची एक बाजू भिंतीला, दुसऱ्या बाजूला चढायला पाट, समोर पंखा. पाच मिनिटं हलकं, मग मुख्य भाग, मग पाच मिनिटं हळूहळू उतरवायचं. एकदम थांबून उतरलं की बीपी पडतं. पहिल्या आठवड्यात मुख्य भाग 15 मिनिटं, 95 ते 100 च्या नाडीत. दर आठवड्याला पाच मिनिटं वाढवून 30 वर आणलं आणि वेळ जमल्यावरच जोर वाढवला, आठवड्याला पाच ठोके. 120 च्या पुढे जायला दोन महिने लागले. कुणी हे दोन आठवड्यांत उरकायला गेलं तर गुडघा धरतो आणि सगळंच बंद पडतं. ट्रेडमिल असेल तर दांडा घट्ट धरून चालू देऊ नका. वजन हातांवर जातं, आकडा दिसतो पण मेहनत होत नाही. एका व्यायामशाळेत पेशंटला महिनाभर असंच चालवलं होतं.

सायकलने दम वाढतो, पण पाय चिकटणं तिच्याने सुटत नाही. स्वयंपाकघराच्या दारात काका थांबायचे आणि काकू "चला, चला" म्हणत हात ओढायच्या. घरोघरी हेच होतं आणि पडणंही बहुतेक इथंच. ओढल्यावर धड पुढे जातं, पाय मागे राहतात. मेंदूतली आपोआप चालवणारी यंत्रणा तिथं अडलेली असते, म्हणून चाल तिच्याकडून काढून घेऊन डोळ्यांकडे किंवा कानांकडे सोपवावी लागते. पूर्ण थांबायचं. ताठ उभं राहायचं. वजन एकदा डाव्या, एकदा उजव्या पायावर डोलवायचं, मग एक मोठं पाऊल. या काळात घरच्यांनी गप्प राहायचं.

दारात पट्ट्या लावल्या. अंतर डोळ्याने ठरवत नाही. 10 मीटर चालायला काकांना 25 पावलं लागली, म्हणजे पाऊल 40 सेंमी. पट्ट्या 45 सेंमीवर. पांढऱ्या फरशीवर काळी चिकटपट्टी, चालण्याच्या दिशेला आडवी. उभी लावली तर उपयोग नाही. पट्टीवर पाय ठेवायचा नाही, ओलांडायचा. वळताना जागेवर गिरकी घ्यायची नाही, मोठं अर्धवर्तुळ घ्यायचं. त्यासाठी हॉलमधला टीपॉय हलवावा लागला. तळवा जास्त पकडणारे रबरी बूट घसटत्या पावलाला अडवतात आणि मागे पट्टा नसलेली चप्पल सुटते. मागून बांधलेला, मध्यम पकडीचा सँडल बरा.

कानासाठी मोबाईलवरचा मेट्रोनोम, म्हणजे ठरवलेल्या वेगाने टिकटिक करणारं ॲप. अर्ध्या मिनिटात किती पावलं पडतात ते मोजून दुप्पट करायचं. पाय चिकटत असतील तर त्याहून 10 टक्के कमी ठेवते. वेग वाढवला की पावलं लहान होतात आणि चिकटणं वाढतं. काकांना ती टिकटिक आवडेना. पौषात त्र्यंबकेश्वरला दिंडीबरोबर जाणारे ते, पावली अंगात भिनलेली. मग काकूंनी टाळ घेतला आणि 'ज्ञानोबा-तुकाराम' त्याच ठेक्यात लावलं, तोंडाने मोठ्याने म्हणत. या आजारात आवाजही आत जातो, त्यामुळे मोठ्याने म्हणणं हाही व्यायामच. फक्त भजन रंगलं की ठेका चढतो, तेव्हा दर दोन मिनिटांनी मेट्रोनोमशी जुळवून घ्यावं लागतं.

खुर्चीतून उठणं मंगळवार-शुक्रवार. बूड पुढे सरकवायचं, टाचा गुडघ्यांच्या मागे, नाक पायाच्या बोटांच्या पुढे जाईपर्यंत वाकायचं आणि मग उठायचं. दहाचे तीन फेरे. सोफा नको, 45 सेंमीची ताठ खुर्ची. दर चार आठवड्यांनी पाच वेळा उठण्याबसण्याची वेळ आणि 10 मीटरची पावलं मोजते, गोळीनंतर तेवढ्याच वेळाने. एकदा गोळी चढलेली असताना आणि एकदा उतरलेली असताना मोजलं तर त्या आकड्यांतून काही कळत नाही.

मेंदूला मार लागलेल्यांचे घरचेही हे वेळापत्रक मागतात. त्यांना मी देत नाही. जोरात दमवण्याचा नियम तिथं लागू नाही. डोक्याला हलका मार लागल्यावर अमेरिकेतल्या बफेलो विद्यापीठातल्या डॉ. जॉन लेडी यांच्या गटाने ट्रेडमिलवर आधी हे शोधलं, की डोकेदुखी किंवा गरगर किती नाडीला वाढते. मग त्या नाडीच्या 80 टक्क्यांवर रोज 20 मिनिटं व्यायाम दिला. 2019 मध्ये किशोरवयीन मुलांवर छापून आलेल्या अभ्यासात अशी निम्मी मुलं 13 दिवसांत बरी झाली, स्ट्रेचिंगवाल्यांतली निम्मी 17 दिवसांत. त्रास सुरू होतो तिथून मागे राहायचं, हे तिथलं सूत्र. मोठी दुखापत किंवा शस्त्रक्रिया असेल तर न्यूरोसर्जनने मोकळीक दिल्यावरच.

काकांची सायकल आता सोमवार, बुधवार, शनिवार. गावाला जाऊन आठ-दहा दिवस खंड पडला की 30 मिनिटांवरून पुन्हा 20 वर यायचं आणि आठवड्याभरात चढवायचं. दारातल्या पट्ट्या दर दोन महिन्यांनी बदलतो. रोज फरशी पुसल्याने कडा सुटतात आणि सुटलेली कड पायात अडकते.