बोटीचं नाव बघायचं की बोट बघायची?

जुनी शिडाची बोट घ्यायची म्हटलं की सगळे आधी ब्रँड विचारतात. हालबर्ग-रासी, आमेल, स्वान अशी नावं घेतली की माना डोलतात आणि बेनेटो, बव्हेरिया म्हटलं की "ती चार्टरवाली, भाड्याने फिरवायची प्लास्टिकची ना?" असं ऐकावं लागतं. मी पण वर्षभर असाच शोधत होतो, आधी नाव मग बोट, आणि जाहिरातीत भारी नाव दिसलं की पुढचं काही न वाचताच फोन करायचो.

अशीच एक मोठ्या नावाच्या यार्डची, म्हणजे बोटी बांधणाऱ्या कारखान्याची, बोट बघायला गेलो. आतलं लाकूडकाम बघून खरंच जीव रमला, ड्रॉवर कसे लोण्यासारखे सरकत होते. मग डेकवर आलो आणि प्लास्टिकच्या हातोडीच्या मुठीने ठोकत निघालो, टक टक टक, आणि मास्टच्या (डोलकाठीच्या) पुढे एकदम थप. ओल्या पुठ्ठ्यावर मारल्यासारखा आवाज. हातभर पुढे गेलो तरी थपच. मालक म्हणे "अहो, या यार्डच्या बोटीला काय होतंय!"

होतं ना. डेकवर टीकच्या म्हणजे सागवानी पट्ट्या आणि त्या बसवायला शेकडो स्क्रू, म्हणजे वरच्या फायबरला शेकडो भोकं आणि खाली बाल्साचं हलकं लाकूड. घासून घासून टीक पातळ होतं, स्क्रूवरच्या लाकडी टिकल्या उडतात, फटीतलं काळं रबर सुटतं आणि पाणी हळूहळू आत. बाल्सा आतून कुजतो, वरून मात्र सगळं देखणं दिसतं. टीक डेक हे खरं तर महागड्या बोटींचं लक्षण, म्हणजे हा खर्च नावाबरोबरच येतो.

आणि एकाच मॉडेलमध्ये सुद्धा वर्षावर्षाचा फरक असतो. व्हॅलियंट 40 हे बॉब पेरीचं डिझाइन, लांबच्या सफरीसाठी नावाजलेलं, पण 1970 च्या दशकाच्या शेवटी बनलेल्या बऱ्याच बोटींच्या बाहेरच्या कवचाला, त्यात वापरलेल्या आग रोखणाऱ्या रेझिनमुळे फोड आले, नंतरच्या बोटी चांगल्या. मग "व्हॅलियंट चांगली का?" याला उत्तर काय द्यायचं, कुठल्या सालची ते सांग आधी.

उलट बाजूने चीकी राफिकी नावाच्या बोटीचं घ्या. बेनेटो फर्स्ट 40.7, मे 2014 मध्ये अटलांटिकमध्ये कील (बोटीच्या तळाखालचं जड वजन) तुटून पडली आणि चौघे गेले. लगेच सगळे बेनेटोवर घसरले. पण ब्रिटिश तपास अहवालात आधी बोट समुद्राच्या तळाला घासणं आणि त्यानंतरच्या दुरुस्त्या यांनी कीलजवळचा सांगाडा कमकुवत झाला असावा असं आहे. आधी काय काय सोसलंय ते नावावरून कळत नाही, मालकाने सांगितलं तर कळतं.

नाव अगदीच फुकट असं मी म्हणत नाही हां. यार्ड अजून चालू असेल तर जुन्या खिडकीचं रबर, एखादं ड्रॉइंग मिळायची शक्यता असते, आणि पुढे विकताना चार गिऱ्हाईकं जास्त येतात. पण नाव सांगतं ते बोट यार्डातून निघाली त्या दिवसाचं, नंतरची वीस वर्षं तिला कोणी कसं वापरलं ते नाही. म्हणून आता मी आधी विचारतो की डोलकाठी धरून ठेवणाऱ्या तारा आणि बाकीचं रिगिंग कधी बदललं, सेलड्राइव्हचं (इंजिनापासून तळातून खाली पंख्यापर्यंत जाणाऱ्या भागाचं) रबर सील कधी बदललं (व्होल्वो पेंटा 7 वर्षांनी बदला म्हणते, आणि बरेच जण विसरतात), आणि बोट कधी तळाला लागली होती का.

या शेवटच्या प्रश्नाला "छे छे, कधीच नाही" असं पटकन आलं की मी जरा सावध होतो.

शेवटी घेतली ती साधी, सगळे नाक मुरडतात त्यातलीच. मालकाने एक जाडी फाइल दिली, प्रत्येक बिल लावलेलं, आणि मधेच एक पान, वर पेनने "खडकाला लागली" आणि खाली कीलचे बोल्ट काढलेले फोटो, सांगाडा परत फायबरने बांधतानाचे फोटो. बोट तपासणारा सर्व्हेअर आला तेव्हा सगळ्यात आधी तेच पान उघडून त्याच्या हातात दिलं, आणि तोही टॉर्च घेऊन आधी तिथेच वाकला.