ॲड नॉझिअम, म्हणजे ओकारी येईस्तोवर

पारावर कापसाच्या भावाची गोष्ट निघाली की तीच ती चार वाक्यं फिरत राहतात. ऐकणारा शेवटी म्हणतो, "कदरलो न बाप्पा!" असं कदरेस्तोवर बोलण्यासाठी इंग्रजीत नेमकं क्रियाविशेषण आहे: ॲड नॉझिअम. दोन्ही शब्द लॅटिन. 'ॲड' म्हणजे पर्यंत, 'नॉझिआ' म्हणजे मळमळ. इंग्रजीत तो 17व्या शतकापासून रुळला आहे.

ही मळमळ मुळात बोटीची. ग्रीकमध्ये 'नाउस' म्हणजे जहाज, त्यावरून 'नाउसिया', म्हणजे बोट लागणं. आपल्याला घाटात एसटी लागते तसंच. हा 'नाउस' आणि संस्कृतातला 'नौ' एकाच मुळाचे. म्हणजे वैनगंगेतली नाव आणि ही ओकारी दूरच्या नात्यात निघतात!

लिहिताना बरेच जण शेवटी 'यूएम' लावतात. म्युझिअम, स्टेडिअम, ॲड इन्फिनिटम यांनी हाताला तीच सवय लावलेली असते. इथे मात्र 'एएम' हवं. लॅटिनमध्ये 'ॲड'नंतर द्वितीया येते आणि 'नॉझिआ' स्त्रीलिंगी आहे. शाळेत 'माला, मालाम्' घोकलं असेल तर हे लगेच कळेल: तसंच 'नॉझिआ, नॉझिअम'. 'इन्फिनिटम'चं रूप वेगळं, म्हणून त्याचं शेपूटही वेगळं.

दुसरी चूक म्हणजे आधी 'टिल' किंवा 'टू' जोडणं. 'पर्यंत' हा अर्थ 'ॲड'मध्येच आहे, त्यामुळे तो पिवळा पीतांबर होतो. वाक्यात जागा क्रियापदानंतरची: 'दे डिस्कस्ड इट ॲड नॉझिअम'. कर्म असेल तर त्याच्याही मागे.

आणि नुसत्या कंटाळ्याला हा शब्द चालत नाही. पुढाऱ्याने तीन तास रटाळ भाषण केलं, तर तो 'टीडिअसली' बोलला. तेही लॅटिनच, 'टीडिअम' म्हणजे वीट. पण तेच आश्वासन दर सभेत, दर गावात वाजवलं, तर ते ॲड नॉझिअम. पुन्हापुन्हा होणं ही त्याची अट आहे. म्हणून मराठीत आणताना 'मळमळेपर्यंत' असं शब्दशः लिहिलं की वाचणाऱ्याला पोटाचा आजार वाटतो. 'चावून चोथा होईस्तोवर' हे जास्त बरोबर बसतं.