चालू झाली ना?

आमची जुनी स्कूटर पावसाळ्यात रुसायची. एका सकाळी तिला तिरकी केली, प्लग पुसला, चोक ओढला आणि किका मारून मारून पाय भरून आला. शेवटी एकदाची फुरफुरली. आणि मी काय करावं? तिच्या पुढच्या पत्र्यावर सणसणीत लाथ घातली. गॅलरीतून बायको म्हणाली, "अहो, चालू झाली ना? मग?"

या 'मग?'पुढे मी गप्प बसलो. पुढे तेमुरी केत्सबाया या फुटबॉलपटूची एक जुनी चित्रफीत पाहिली तेव्हा वाटलं, याला माझं म्हणणं कळलं असतं.

१७ जानेवारी १९९८. इंग्लंडमधल्या न्यूकॅसल क्लबचं मैदान सेंट जेम्स पार्क, समोर बोल्टनचा संघ, १-१ अशी बरोबरी. केत्सबाया हा जॉर्जियाचा गडी. आघाडीच्या जरा मागे खेळणारा, पण गोलाची चटक असलेला. त्या मोसमात त्याचा बराच वेळ बाकावर गेला होता. त्या दिवशीही तो बदली म्हणून उतरला आणि अगदी शेवटी त्याने गोल मारला. घरच्या मैदानावर विजयी गोल! एखादा हात पसरून धावला असता. याने शर्ट काढून प्रेक्षकांत भिरकावला, बूट काढायला लागला आणि मग मैदानाकडेच्या जाहिरातीच्या फळ्यांवर लाथांचा सपाटा लावला. सहकारी आवरायला गेले तर त्यांना झटकून पुन्हा फळ्यांकडे. आनंदाचा मागमूस नाही. एखाद्या जुन्या देणेकऱ्याला गाठल्यासारखा चेहरा.

बरं, त्याच मोसमात, ऑगस्टमध्ये, जादा वेळ संपता संपता झाग्रेबला गोल करून यानेच न्यूकॅसलला चॅम्पियन्स लीगमध्ये, म्हणजे युरोपातल्या बड्या क्लबांच्या स्पर्धेत, नेलं होतं. एवढं करून बाकावर बसायचं म्हटल्यावर डोकं फिरणारच.

केत्सबाया मूळचा अबखाझियातल्या गाली गावाचा. अबखाझिया म्हणजे जॉर्जियातून फुटून निघालेला प्रांत. १९९२-९३च्या युद्धात त्या भागातल्या लाखो जॉर्जियन लोकांना घरदार सोडावं लागलं. त्या काळात तो सायप्रस बेटावरच्या अनोर्थोसिस क्लबाकडून खेळत होता. हा क्लब फामागुस्ता शहराचा, पण १९७४मध्ये तुर्की सैन्य आलं तेव्हापासून शहराबाहेर पडलेला. नाव फामागुस्ताचं, संसार त्याच बेटावरच्या लार्नाका शहरात. गाव हरवलेल्या क्लबात गाव हरवलेला खेळाडू. फळ्यांवरच्या लाथा या सगळ्याच्या होत्या, असं लिहून टाकायचा मोह होतो. पण नको. बाकावर बसण्याचा राग पुरेसा असतो. प्रत्येक लाथेमागे इतिहास शोधायची खोड आपल्याला लिहिणाऱ्यांना.

अथेन्स, न्यूकॅसल, वुल्व्हरहॅम्प्टन, डंडी असं फिरून तो पुन्हा लार्नाकालाच आला, अनोर्थोसिसचा प्रशिक्षकही झाला. २००८मध्ये ग्रीसच्या ऑलिंपियाकोसला हरवून हा क्लब चॅम्पियन्स लीगच्या गटफेरीत पोचला. सायप्रसच्या क्लबाला हे आधी कधीच जमलं नव्हतं. तिथे त्यांनी इटलीच्या इंटर मिलानला ३-३ असं रोखलं. पुढे केत्सबाया जॉर्जियाच्या राष्ट्रीय संघाचाही प्रशिक्षक झाला. पण त्याचं नाव काढलं की लोकांना आधी आठवतात त्या फळ्या.

स्कूटर आम्ही केव्हाच विकली. घेणाऱ्याने चारी बाजूंनी नीट पाहिली, पत्र्यावरच्या पोच्यावरून बोट फिरवलं आणि विचारलं, "कुठे धडकली होती का?"

"नाही," बायको म्हणाली, "चालू झाली होती."