नळदुर्गचा पाणी महाल आणि लंडनचे तापलेले बोगदे

सोलापूरच्या मे महिन्यात किल्ला बघायला निघालो की घरातली मोठी माणसं ओरडतातच. तरी गेलो. लंडनला भुयारी रेल्वेत हवा खेळती ठेवायचं काम करणारा आतेभाऊ सुट्टीवर आला होता आणि त्याला नळदुर्गचा पाणी महाल दाखवायचाच होता. हैदराबाद रस्त्याने सुमारे 45 किलोमीटर.

किल्ल्यातल्या फरशांवर पाय ठरत नव्हता. बोरी नदीवर दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात बांधलेला बंधारा आहे आणि हा महाल त्याच्याच पोटात. पायऱ्या उतरलो तसा पाठीवरचा घाम गार लागायला लागला. दादाने काळ्या दगडाला तळवा टेकवला, तो बराच वेळ काढलाच नाही.

"आमचे बोगदेपण आधी असेच गार होते बे," तो म्हणाला.

मग तिथेच बसून ऐकलं. लंडनचे खोल बोगदे खणले तेव्हा भोवतालची चिकणमाती साधारण 14 अंशांवर होती. 1906 साली सुरू झालेल्या बेकरलू लाइनची तर उन्हाळ्यातली गार जागा म्हणून जाहिरात व्हायची. शंभर वर्षं गाड्या धावल्या, उष्णता मातीत मुरत गेली आणि आता तीच माती काही ठिकाणी 25 अंशांच्या आसपास आहे. ही उष्णता मुख्यतः गाड्यांची, त्यातही ब्रेकची. प्रवाशांच्या अंगाची ऊब त्यामानाने किरकोळ.

"मग एसी का नाही बसवत?"

"बोगदा जेमतेम साडेतीन मीटरचा, यंत्र ठेवू कुठे? आणि डब्यातून काढलेली उष्णता परत बोगद्यातच जाणार ना!"

म्हणून मुळात उष्णता कमी तयार व्हावी, यावर त्यांचा भर. ब्रेक मारताना वीज तयार करून ती परत वापरायची. 1900 सालच्या सेंट्रल लाइनवर स्टेशनंच जरा उंचवट्यावर आहेत: येताना चढामुळे वेग कमी होतो, निघताना उतार मिळतो. किती साधं आणि किती शहाणपणाचं! इस्लिंग्टन भागात तर 2020 पासून नॉर्दर्न लाइनच्या एका जुन्या झरोक्यातून येणाऱ्या गरम हवेवर घरं उबदार ठेवतात.

मी त्याला मुंबईच्या भुयारी मेट्रोचं, अ‍ॅक्वा लाइनचं सांगितलं. तिथे फलाटाच्या कडेला काचेचे दरवाजे आहेत, स्टेशनचा गारवा बोगद्यात जात नाही. "आणि बोगद्यातल्या उष्णतेचं काय करतात?" त्याने लगेच विचारलं. परतीच्या विमानाआधी मुंबईत एक दिवस काढून आम्ही ती लाइन आरेपासून कफ परेडपर्यंत बघणार आहोत.