काचेचा सर्व्हर

ओसाकाहून मुंबई गाठायला पार्सलला ३ दिवस लागले. मुंबईहून पुण्यात सहकारनगरला यायला १९. मध्ये खंडाळ्याचा घाट आहे हे मान्य, पण तो काही इतका मोठा नाही.

पार्सलमध्ये होतं काय, तर प्लास्टिकचा एक ड्रिपर, म्हणजे कपावर ठेवून कॉफी गाळायचं गाळणं, त्यात घालायचे १०० कागदी फिल्टर आणि कॉफी खाली उतरते ते काचेचं भांडं. सगळं रामायण त्या भांड्यामुळे घडलं. पण ते नंतर सांगते, आधी हे डोहाळे लागले कुठून ते.

मी जपानीची भाषांतरकार. यंत्रांची मॅन्युअल्स, कंत्राटं, असले रुक्ष कागद करून पोट भरते. दोन वर्षांपूर्वी कामासाठी ओकायामाला गेले होते. ज्या गावच्या बागेवरून आपलं सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान बेतलंय, ते गाव. तिथे स्टेशनजवळच्या एका जुन्या कॉफीघरात सत्तरीच्या मालकांनी समोर कॉफी करून दिली. किटलीतून तेलाच्या धारेसारखी बारीक धार, आणि त्या धारेखाली भाकरी फुगावी तशी फुगत जाणारी कॉफीची पूड. दूध नाही, साखर नाही. मी आयुष्यभर दुधाची, चिकोरीवाली कॉफी प्यायलेली. पहिला घोट घेतला आणि वाटलं, हे कॉफीत होतं तर इतकी वर्षं कुठे लपलं होतं!

घरी करायची ठरवल्यावर प्रश्न आला ड्रिपरचा. हारिओ व्ही-६० की कालिता वेव्ह, यावर मी अख्खा श्रावण घालवला. व्ही-६० म्हणजे ६० अंशांचा शंकू. आत पिळदार उंचवटे, ते कागद भिंतीला चिकटू देत नाहीत, आणि खाली एकच मोठं भोक. ड्रिपर स्वतः पाणी अडवत नाही. कॉफी किती बारीक दळलीय आणि तुमचा हात कसा चालतो, यावर सगळं. कालिता वेव्हचा तळ सपाट, भोकं तीन आणि बारीक, कागद चुण्याचुण्यांचा, कपकेकखाली असतो तसा. तो तुमच्या चुका पोटात घालतो. नवशिक्यांनी खरं तर तोच घ्यावा. मी नाही घेतला. कारण ड्रिपर एकदाच घ्यायचा असतो, कागद जन्मभर. व्ही-६०चे कागद मला पुण्यात दोन ठिकाणी दिसले, कालिताचे दिसले नाहीत. तेव्हा आधी कागद कुठे मिळतात ते बघा, मग ड्रिपरच्या प्रेमात पडा. कागदाचा आकारही जुळायला हवा. ०१ एका माणसाला, ०२ घराला. मी ०२ घेतला.

चिनी मातीचा ड्रिपर देखणा असतो, पण थंड असला तर पाण्याची उष्णता आधी स्वतःच पिऊन टाकतो, म्हणून त्याला उकळत्या पाण्याने अंघोळ घालावी लागते. प्लास्टिकचा दिसतो पोरांच्या भातुकलीतला, पण काम चोख करतो, आणि स्वस्तही. इथेच थांबले असते तर हा लेख लिहावाच लागला नसता.

पण हारिओ ही मुळात काचेची कंपनी. १९२१ साली टोकियोत प्रयोगशाळेची काचसामग्री करण्यापासून सुरुवात झाली, आणि नावाचा अर्थच मुळी ‘काचेचा राजा’. त्यांचं ते ६०० मिलीचं भांडं बघितलं आणि शाळेतलं चंचुपात्र आठवून जीव जडला. येन स्वस्त होता. ठरावीक रकमेच्या वरच्या ऑर्डरला पाठवणावळ माफ होती. इथे मिळणारा ड्रिपर आणि कागदही मग त्याच ऑर्डरीत ढकलले. हावरटपणा, दुसरं काही नाही.

त्या भांड्याचं नाव रेंज सर्व्हर ६००.

चौथ्या दिवशी कुरियर कंपनीचा मेल आला, केवायसी द्या. दिलं. आधारवर मधलं नाव आहे, ऑर्डरवर नाही, म्हणून पुन्हा दिलं. इथवर ठीक. सहाव्या दिवशी दुसरा मेल : तुमच्या मालात सर्व्हर आहे, बीआयएसच्या, म्हणजे भारतीय मानक ब्युरोच्या, नोंदणीचा क्रमांक कळवा. सोबत फॉर्म. मेक, मॉडेल, सिरीयल नंबर, कशासाठी वापरणार.

मी ‘कॉफी पिण्यासाठी’ असं लिहून टाकलं. उत्तर आलं, वापराचं कारण स्पष्ट नाही.

मग फोन. अर्धा तास ते संगीत ऐकल्यावर एक मुलगा आला.

“मॅडम, शिपमेंटमध्ये सर्व्हर आहे. सर्व्हरला बीआयएस लागतं.”

“अहो, तो काचेचा आहे.”

जरा वेळ शांतता. “मटेरियल नंतर बघतात मॅडम. आधी कॅटेगरी.”

“कॉफीचं भांडं आहे ते. त्याला वायर नाही, प्लग नाही.”

“मग रेंजमध्ये कसा येतो?”

याला मी काय उत्तर देणार? खरं म्हणजे द्यायला उत्तर होतं, आणि तीच माझी चूक झाली. त्या रात्री मी दीड पान लिहिलं. जपानीत ‘साबा’ म्हणजे ज्यातून वाढतात ते भांडंही; ‘रेंजी’ म्हणजे मायक्रोवेव्ह, अर्थात हे भांडं मायक्रोवेव्हमध्ये चालतं; आणि ६०० हे मिली आहेत, मॉडेलची मालिका नव्हे. शब्दांच्या व्युत्पत्तीसकट. वीस वर्षांच्या अनुभवाचा कस लावून. फोटो जोडला तर २ एमबीच्या वर गेला म्हणून परत आला. लहान करून पाठवला, तर नवीन तिकीट नंबर पडला आणि आधीचं दीड पान जुन्या नंबराखाली गाडलं गेलं.

नवरा म्हणाला, “तुझं लिहिलेलं वाचायचे लोक पैसे देतात, फुकट कोण वाचणार?” दोन दिवस मी त्याच्याशी बोलले नाही.

या काळात घरी किटली येऊन पडली होती. लांब, बाकदार चोचीची, गॅसवर ठेवायची. ती मी इथेच घेतली. जपानहून कुणी इलेक्ट्रिक किटली आणतो म्हणालं तर हात जोडा, तिथली वीज १०० व्होल्ट, आपली २३०. ड्रिपर नसल्याने मी रोज सकाळी तुळशीत त्या किटलीने गोल गोल पाणी घालायचा सराव करायचे. आई खिडकीतून बघायची. तिसऱ्या दिवशी म्हणाली, “प्रदक्षिणा तरी घाल, पुण्य लागेल.”

१३व्या दिवशी फोनवर एक वयस्कर गृहस्थ लाभले. त्यांनी सगळं ऐकूनही घेतलं नाही. “ताई, एवढं कशाला लिहिता? दुकानदाराकडून नवीन इन्व्हॉइस मागवा आणि त्यात ‘ग्लास जग’ लिहायला सांगा. सर्व्हर शब्द काढा.” बस. ओसाकाच्या दुकानाला मेल केला. दुसऱ्या दिवशी सकाळी नवा कागद हजर, वर तीन परिच्छेद माफी : आम्ही सर्व्हरला सर्व्हर म्हटल्यामुळे आपल्याला झालेल्या त्रासाबद्दल. ‘ग्लास जग’ म्हटल्याबरोबर फाइल सरकली. मग शनिवार-रविवार, मग एक सुट्टी, मग ड्यूटी, कुरियरची क्लिअरन्स फी, आणि कळस म्हणजे माल त्यांच्या गोदामात पडून राहिल्याचं भाडं. बेरीज केली तर भांड्याच्या किमतीच्या वर गेली. भाड्याबद्दल मी तक्रार नोंदवलीय. त्याचाही तिकीट नंबर आहे.

तेव्हा बाहेरून मागवायचंच असेल तर ऑर्डर देतानाच दुकानदाराला सांगा, वस्तूचं ब्रँडचं नाव नको, ती वस्तू काय आहे ते लिही. आणि भांडं मागवूच नका. ड्रिपर कुठल्याही मोठ्या तोंडाच्या कपावर बसतो.

ग्राइंडरचं राहिलंच. पैसे घालायचे तर ते इथे, हे मला उशिरा कळलं. पहिले चार दिवस मी मिक्सरमध्ये कॉफी फिरवली. मिक्सर कापतो, दळत नाही. निम्मी भरड, निम्मं पीठ. पीठ कागदात बसतं, पाणी तुंबतं, आणि कॉफी काढ्यासारखी कडू. हातग्राइंडरमध्ये जात्यासारखे दोन दातेरी भाग असतात, त्यांच्यामधून दाणा सारख्या आकाराचा होऊन पडतो. आता जाड रव्याच्या जरा अलीकडे दळते. वजनकाटा मात्र स्वयंपाकघरातला चालतो.

बिया ताज्या भाजलेल्या, पाकिटावर तारीख असलेल्या, चिकोरीचा कणही नको. माझ्या पहिल्या पाकिटावर ‘रत्नगिरी इस्टेट’ लिहिलेलं बघून बाबा हरखले, कोकणात कॉफी कधीपासून? ती इस्टेट कर्नाटकातली. हिरमुसले, पण अर्धा कप प्यायले.

प्रमाण म्हणाल तर १५ ग्रॅमला २४० मिली. कागद आधी गरम पाण्याने धुऊन घ्यायचा, नाहीतर पुठ्ठ्याचा वास येतो. पहिलं पाणी पूड भिजेल इतकंच, मग ४० सेकंद थांबायचं. ताजी असेल तर तेव्हाच फुगते, ओकायामासारखी. हात थरथरत असेल तर तेत्सु कासुयांची पद्धत बघा. हाताने कॉफी करण्याची २०१६ची जागतिक ब्रूअर्स कप स्पर्धा त्यांनी तिच्यावर जिंकली. २० ग्रॅम जाड पूड, ३०० ग्रॅम पाणी. पहिलं ४० टक्के पाणी दोन भागांत ओतायचं, त्यावर आंबट-गोड ठरतं, उरलेल्या ६० टक्क्यांवर कडकपणा. मी ६०-६० ग्रॅमचे पाच भाग करते, पाऊण-पाऊण मिनिटाने. साडेतीन मिनिटांत काम होतं.

रोज सकाळी ड्रिपर थेट माझ्या स्टीलच्या मगवर बसतो. काचेच्या राजाचं भांडं फ्रिजमध्ये असतं. आईला ते कोकम सरबतासाठी फार आवडलंय. रंग छान दिसतो म्हणते, आणि झाकण घट्ट बसतं.