बारावीलाच ग्रॅज्युएट

जानेवारी २०२५ मध्ये सांगलीला फोन करून सासऱ्यांना सांगितलं, "बाबा, जूनमध्ये नातीचं ग्रॅज्युएशन आहे, तुम्ही दोघं या." पलीकडे क्षणभर शांतता. मग म्हणाले, "अगं, ती बारावीला आहे ना? बारावीलाच ग्रॅज्युएट? मग बीएस्सी झाल्यावर काय म्हणणार?"

बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेत मुख्याध्यापक होते. शब्द नेमके वापरले नाहीत तर त्यांना त्रास होतो. मी सांगितलं, की इथे हायस्कूल संपलं तरी ग्रॅज्युएशनच म्हणतात, झगा घालतात, टोपी घालतात, सगळं गाव गोळा होतं. ते म्हणाले, "बरं. व्हिसा आहेच, येतो." त्यांचा दहा वर्षांचा व्हिसा आधीच्या खेपेला झाला होता, ते एक बरं. विमानाची तिकिटं लगेच काढली. शाळेची तिकिटं काढावी लागतात हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

आम्ही न्यू जर्सीत, एडिसनच्या आसपास राहतो. लेक तीन वर्षांची असताना इथे आली. घरातलं पहिलंच मूल अमेरिकेत बारावी करत होतं, त्यामुळे काय कधी करायचं हे सांगणारं कोणी नाही. माझ्या डोक्यात आपलं गणित पक्कं: फेब्रुवारी-मार्चमध्ये बोर्डाची परीक्षा, मग निकाल, पेढे, आणि मग कॉलेजच्या रांगा. इथे सगळी उलटी गंगा. कॉलेजचे अर्ज दिवाळीच्या आगेमागे जातात, प्रवेश मार्चपर्यंत कळतो, मे महिन्यात परीक्षा होतात आणि शाळा संपते जूनमध्ये. म्हणजे प्रवेश हातात असलेल्या मुलीला "अभ्यासाला बस" कुठल्या तोंडाने म्हणायचं?

पण म्हणावं लागतं. शेवटची गुणपत्रिका, म्हणजे फायनल ट्रान्स्क्रिप्ट, शाळा थेट कॉलेजला पाठवते आणि गुण फारच घसरले तर कॉलेज दिलेला प्रवेश काढूनही घेऊ शकतं. हे वाक्य मी त्या वसंतात किती वेळा उच्चारलं असेल याची गणती नाही. लेक म्हणायची, "आई, तू ना काउन्सेलरपेक्षा जास्त काउन्सेलर आहेस."

खरा धक्का फेब्रुवारीत बसला. शाळेने प्रत्येक सीनियरच्या, म्हणजे शेवटच्या वर्षातल्या मुलाच्या, क्रेडिटचा (विषय पूर्ण केल्यावर खात्यात जमा होणाऱ्या गुणांचा) हिशेब घरी पाठवला. न्यू जर्सीत हायस्कूल पूर्ण करायला किमान १२० क्रेडिट लागतात आणि ती ठरलेल्या विषयांत विभागून: इंग्रजी २०, गणित १५, विज्ञान १५, सामाजिक शास्त्रं १५, शिवाय व्यायाम दर वर्षी हवाच. आमच्या कन्येची एकूण बेरीज १२० च्या बरीच वर होती. कॅल्क्युलस, फिजिक्स, स्टॅटिस्टिक्स, सगळं एपी, म्हणजे शाळेतच कॉलेजच्या पातळीचं. आणि खाली लाल अक्षरात: अर्थसाक्षरता, अडीच क्रेडिट बाकी. बँकेचं खातं, व्याज, क्रेडिट कार्ड, टॅक्स असं शिकवणारा अर्ध्या वर्षाचा साधा कोर्स. तो दहावीत घ्यायचा होता, तेव्हा तिने ऑर्केस्ट्रा घेतला, पुढे राहून गेला. एवढी एपी करणारी मुलगी घरखर्चाच्या विषयात अडकली म्हणून नवरा दोन दिवस हसत होता. मला मात्र हसू येईना.

काउन्सेलरबाई शांत होत्या. अशी दर वर्षी पाच-सहा मुलं निघतात म्हणाल्या. शाळेने मान्य केलेला ऑनलाइन कोर्स मे अखेरपर्यंत संपवायचा, बस. तिने तो संपवला, आणि एप्रिलमध्ये एके रात्री जेवताना मला विचारलं, "आई, आपण घराच्या कर्जावर एकूण किती व्याज भरणार हे तुला माहितीये का?" माहीत नव्हतं. तिने सांगितलं. जेवण गेलं नाही.

त्याच सुमारास दुसरा कागद आला. न्यू जर्सीने कायदा केलाय आणि तो हिच्या वर्गापासूनच लागू झाला, की आर्थिक मदतीचा अर्ज, म्हणजे फॅफ्सा, भरल्याशिवाय हायस्कूलचं ग्रॅज्युएशन नाही. हेतू चांगला आहे. मदत मिळू शकते हेच माहीत नसल्याने कित्येक मुलं अर्ज करत नाहीत. पण आम्ही एच-वन बी या नोकरीच्या व्हिसावर, लेक आमच्यामुळे मिळालेल्या एच-फोर व्हिसावर. आम्हाला केंद्राची मदत मिळतच नाही. म्हणजे जी मदत मिळणार नाही तिचा अर्ज केला नाही म्हणून मुलगी अडकणार का? तीन ई-मेल आणि एका फोननंतर कळलं, की त्यासाठी सूट घेण्याचा एक पानी फॉर्म असतो, पालकांनी सही करून काउन्सेलरकडे द्यायचा. एक सही. ती कुठे करायची हे शोधायला दहा दिवस. तुमच्या घरात असा व्हिसा असेल तर हा फॉर्म आपणहून मागा, कोणी आठवण करत नाही.

एच-फोरचा विषय निघालाच तर सांगते. मुलीला २१ वर्षं पूर्ण झाली की तो संपतो, आणि तोवर ग्रीन कार्डाची रांग हलली नाही तर मुलीला स्वतःचा विद्यार्थी व्हिसा घ्यावा लागेल. हिच्या मैत्रिणी वसतिगृहात चादर कुठल्या रंगाची न्यायची यावर चर्चा करत होत्या तेव्हा आमच्याकडे या तारखांचा तक्ता फ्रिजवर चिकटवलेला होता.

मार्चअखेर निकाल आले. एका नावाजलेल्या ठिकाणी वेटलिस्ट, रटगर्सला, म्हणजे न्यू जर्सीच्या सरकारी विद्यापीठात, प्रवेश. डिपॉझिट भरण्याची ठरलेली तारीख १ मे, देशभर बहुतेक कॉलेजांची हीच. वेटलिस्टची वाट पाहायची का, यावर घरात तीन आठवडे खल झाला. शेवटी ३० एप्रिलला रात्री तिनेच रटगर्सचे पैसे भरले आणि दुसऱ्या दिवशी लाल टी-शर्ट घालून शाळेत गेली. त्या दिवशी सगळे सीनियर आपापल्या कॉलेजचे टी-शर्ट घालतात. मला मनातून सुटल्यासारखं झालं. घरापासून वीस मिनिटं!

आता मराठीची गोष्ट, कारण या सगळ्या धांदलीत मला खरा आनंद तिनेच दिला.

न्यू जर्सीत २०१६ पासून 'सील ऑफ बायलिटरसी' आहे. इंग्रजीशिवाय आणखी एक भाषा ठरावीक पातळीपर्यंत येत असेल तर राज्य ते प्रमाणित करतं आणि ट्रान्स्क्रिप्टवर त्याची नोंद होते. शाळेच्या पत्रकात स्पॅनिश, फ्रेंच, मँडरिन, हिंदी होती. मराठी नव्हती. लेक सहा वर्षं रविवारी सकाळी बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या मराठी शाळेत गेली होती, पुण्याच्या भारती विद्यापीठाच्या परीक्षा दिल्या होत्या, त्या काय फक्त खोक्यात ठेवायला? मी ऑक्टोबरातच भाषा विभागाच्या प्रमुखांना लिहिलं. त्यांनी प्रामाणिकपणे कळवलं, की मराठीबद्दल आजवर कोणी विचारलेलं नाही, पण मान्य चाचणी उपलब्ध असेल तर आमची हरकत नाही. होती. अवांत नावाच्या कंपनीची स्टॅम्प चाचणी मराठीत होते: लेखनाचे तीन प्रश्न, बोलण्याचे तीन. पाचवी पातळी मिळाली की झालं.

बोलण्याची काळजी नव्हती. पोरगी सांगलीचं मराठी बोलते, रागावली तर जरा जास्तच. अडचण होती लेखनाची, तेही देवनागरीत टाइप करायचं. व्हॉट्सॲपवर तिचं मराठी म्हणजे 'aaji kashi ahes'. मग नोव्हेंबरपासून बाबांनी फर्मान काढलं: आजोबांना रोज चार ओळी, देवनागरीतच. उत्तरादाखल ते तिचाच मजकूर ऱ्हस्व-दीर्घ सुधारून परत पाठवायचे. 'मी शाळेत गेलि' ला 'गेली', 'आणी' ला 'आणि'. 'आणि' तिने निदान वीस वेळा चुकवलं. एकदा तिने वैतागून लिहिलं, "आजोबा तुम्ही माझं पत्र वाचता का तपासता?" त्यांनी उत्तर दिलं, "आजोबा नंतर स्वल्पविराम."

जानेवारीत चाचणी झाली. एका प्रश्नात तिने आजीच्या स्वयंपाकघराबद्दल लिहिलं आणि 'फोडणी' नीट टाइप झाली म्हणून फार खूश होती. निकाल आला: बोलण्यात सहा, लिहिण्यात पाच. काठावर, पण झालं. नंतर कळलं, की आणखी दोन मराठी मुलांच्या आयांनी भाषा विभागाच्या त्याच प्रमुखांना ई-मेल केले.

एपीच्या परीक्षा मे महिन्याच्या पहिल्या दोन आठवड्यांत आटोपल्या. एका विषयाला ९९ डॉलर, भरले होते नोव्हेंबरातच. २०२५ मध्ये बरेच पेपर पहिल्यांदाच संगणकावर होते. लॅपटॉप रात्री चार्जला लावलाय ना, हे तीनदा बघणं एवढाच माझा वाटा.

लसीकरणाने मात्र एक अख्खा शनिवार खाल्ला. कॉलेजला गोवर-गालगुंड-रुबेलाचे दोन डोस, हेपटायटिस बी आणि वसतिगृहासाठी मेंदुज्वराच्या लशीची नोंद हवी होती. पहिल्या लशी सांगलीच्या, पिवळट पुठ्ठ्याच्या कार्डावर, डॉक्टरांच्या अक्षरात. बीसीजीची नोंद तेवढी ठळक, जी इथे कोणी विचारत नाही. इथल्या डॉक्टरांच्या नर्सबाईंनी भिंग घेऊन तारखा लावल्या.

आणि मग तिकिटं.

मेच्या मध्यावर पत्र आलं. समारंभ फुटबॉलच्या मैदानावर, प्रत्येक विद्यार्थ्याला चार तिकिटं. पाऊस आला तर समारंभ जिममध्ये, तेव्हा दोनच. आम्ही मोजलं: आई-बाबा, आम्ही दोघं, धाकटा. पाच. धाकटा म्हणाला, "मी घरी राहतो," आणि त्याच्या बहिणीने त्याला असं काही बघितलं की तो विषय तिथेच संपला. पाचवं तिकीट शेजारच्या तेलुगू कुटुंबाने दिलं. त्यांचे आजी-आजोबा येऊ शकले नव्हते. त्या बदल्यात मी त्यांच्याकडे डबाभर पुरणपोळ्या दिल्या. हा व्यवहार शाळेच्या नियमांत बसतो का, मी विचारलं नाही.

जूनच्या सुरुवातीला आई-बाबा आले. बाबा रोज हवामान बघायचे. पाऊस नको, पाऊस नको, असा घरात जपच चालू होता. आणि पाऊस आलाच नाही. आलं ते ऊन! त्या आठवड्यात पारा १०० फॅरनहाइटच्या वर गेला. आमच्या समारंभाच्या आदल्या दिवशी न्यू जर्सीतल्याच पॅटरसनच्या हिंचलिफ स्टेडियममध्ये असाच समारंभ होता, तिथे उन्हाने कित्येकांना त्रास झाला. संध्याकाळी आमच्या शाळेचा मेसेज आला: समारंभ जिममध्ये. दोन तिकिटं. बाकीच्यांसाठी ऑडिटोरियममध्ये पडद्यावर.

मी शाळेला दोष देत नाही, त्या उन्हात मैदानावर बसणं शक्यच नव्हतं. पण सहा महिन्यांचं नियोजन पावसाचं आणि वेळ आली उन्हाची, हे पचायला वेळ लागला. दोन जण कोण? नवरा म्हणाला, आई-बाबा जाऊ देत. सासूबाईंनी मोडता घातला: "मला एसीत खुर्चीवर बसव, जिमच्या फळ्यांवर माझे गुडघे बसत नाहीत. पडद्यावर तोंड तरी नीट दिसेल. आई तिथे हवी." बाबा काही बोलले नाहीत, पण सकाळी सातलाच इस्त्रीचा सदरा घालून तयार बसले होते. मग मी आणि बाबा.

साडेचारशे नावं. आमच्या आडनावाचा उच्चार बरोबर झाला, कारण एप्रिलमध्ये मुलांनी आपापलं नाव रेकॉर्ड करून दिलं होतं. गळ्यात सील ऑफ बायलिटरसीची मानाची दोरी. बाबांनी टाळ्या वाजवल्या नाहीत, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून टक लावून बघत राहिले. शेवटी सगळ्यांनी टोपीचा गोंडा उजवीकडून डावीकडे घेतला. तेव्हा त्यांनी मला विचारलं, "झालं? आता दाखला दिला ना?"

दिला होता. निदान तसं वाटलं. घरी येऊन लेकीने मखमली फोल्डर उघडलं तर आत डिप्लोमा नाहीच, एक चिठ्ठी: शाळेचा क्रोमबुक, चार्जर आणि ग्रंथालयाची पुस्तकं जमा करून ऑफिसमधून डिप्लोमा घ्यावा. स्टेजवर सगळ्यांना रिकामीच फोल्डरं देतात म्हणे. चार्जर हरवला होता. तो धाकट्याच्या खोलीत सापडला, सापडेपर्यंत जी भांडणं झाली ती लिहीत नाही.

दुसऱ्या दिवशी मी आणि बाबा ऑफिसात गेलो, सही करून डिप्लोमा घेतला. गाडीत बसल्यावर बाबांनी चष्मा लावला, कागद पुढून वाचला, उलटून मागचं कोरं पान बघितलं, परत पुढून वाचला.

"जन्मतारीख नाही?"

"नाही बाबा."

"शाळा सोडल्याचं कारण?"

"नाही."

"आणि वर्तणूक? वर्तणूक कुठे लिहिलीय?"