तुम्ही विचारलंत म्हणून: राइड उघडण्याआधीच इन्व्हर्जन कशी मोजता?

राइडचा अजून सांगाडाही उभा नसतो, मग ती किती वेळा उलटं करणार, म्हणजे तिच्यात इन्व्हर्जन किती, हे तुम्हा लोकांना आधीच कसं कळतं? माझं रोलर कोस्टरचं वेड ज्यांना ठाऊक आहे ते सगळे कधी ना कधी हे विचारतातच. खोपोलीच्या इमॅजिकात ‘नायट्रो’वर बसून आलेले तर हमखास. आपण ५ वेळा उलटे झालो हे त्यांना खाली उतरल्यावर दुसऱ्याकडून कळलेलं असतं.

उत्तर ‘द स्मायलर’ या रोलर कोस्टरवरून देते. इंग्लंडमधल्या ऑल्टन टॉवर्स या मनोरंजन पार्कात ३१ मे २०१३ ला ती सुरू झाली, १४ इन्व्हर्जन घेऊन. त्याआधीचा विक्रम १० चा, थॉर्प पार्कमधल्या ‘कोलोसस’ने २००२ साली केलेला. बांधकाम चालू असताना स्मायलरचं नाव होतं ‘सीक्रेट वेपन ७’. पण तिथे एवढं मोठं काही उभारायचं तर स्थानिक परिषदेची परवानगी काढावी लागते, आणि अर्जासोबतचे नकाशे कुणालाही पाहता येतात. नाव गुपित राहतं, ट्रॅकचा आकार राहत नाही.

नकाशा हातात आला की मी आधी उंची बघते. ऑल्टन टॉवर्समध्ये राइडने झाडांच्या शेंड्यांवर डोकं काढायचं नाही, असं बंधन आहे. म्हणून १९९४ साली ‘नेमेसिस’साठी खडक फोडून खड्डा केला आणि १९९८ च्या ‘ऑब्लिव्हियन’चा उतार थेट जमिनीच्या पोटात नेला. कोस्टरच्या गाडीला स्वतःचं इंजिन नसतं. लिफ्टने, म्हणजे गाडी वर ओढून नेणाऱ्या चढाने, जेवढं वर चढवलं तेवढ्याच पुंजीवर तिला पुढचा सगळा खर्च भागवावा लागतो. स्मायलरची उंची ३० मीटर, वेग ताशी ८५ किलोमीटरच्या आसपास. एवढ्यात मोठमोठ्या टेकड्या परवडत नाहीत, पण आटोपशीर गिरक्या बसतात. आणि लहानशा जागेत एक सोडून दोन लिफ्ट दिसल्या, त्यातली दुसरी सरळसोट उभी, की समजायचं: पहिली पुंजी मध्येच संपणार आहे, म्हणजे वाटेत गिरक्याच गिरक्या आहेत. माझ्या मते खरा अंदाज इथेच बांधला जातो. पुढची मोजणी हे कारकुनी काम.

ते काम मी कागदाच्या पट्टीवर करते. पट्टीवर बाण काढायचा, बाणाचं टोक म्हणजे प्रवाशाचं डोकं. मग वरून काढलेला नकाशा आणि बाजूने काढलेला नकाशा शेजारी ठेवून ट्रॅक जसा वळतो तशी पट्टी पिळत जायची. बाण जमिनीकडे झाला की एक धरायचं. साधा लूप, म्हणजे उभा गोल फेरा, एक; स्क्रूसारखा पिळलेला कॉर्कस्क्रू एक. गोंधळ होतो तो कोब्रा रोलमध्ये. बाहेरून तो फणा काढलेल्या नागासारखा एकसंध दिसतो, पण पट्टी फिरवून बघा, बाण दोनदा खाली जातो. वटवाघळाच्या पंखांसारख्या बॅटविंगचंही तसंच, तेही दोन. याउलट, ट्रॅक ९० अंशांच्या पुढे कलला तरी डोकं पूर्ण खाली जात नसेल तर ते इन्व्हर्जन नाही, जाहिरातीत काहीही लिहोत. स्मायलरमध्ये आणखी एक मेख आहे. मोजणारा सवयीने लिफ्टपासून सुरुवात करतो, पण इथली पहिली गिरकी लिफ्टच्याही आधी आहे. गाडी स्टेशनातून निघते न निघते तोच अंधारात सावकाश उलटते.

पुढे ट्रॅकचे तुकडे येऊन पडले की कारखान्याची ओळख पटते. बॉलिगर अँड माबिलार्डच्या ट्रॅकचा कणा चौकोनी पेटीसारखा असतो, लांबून दिसला तरी चुकायचं कारण नाही. नायट्रो त्यांचीच. स्मायलर जर्मनीच्या गेर्स्टलाउअरची.

तरीही आता मी इन्व्हर्जनच्या आधी ब्लॉक मोजते. ब्लॉक म्हणजे ट्रॅकचा असा टप्पा, जिथे एका वेळी एकच गाडी असू शकते. २ जून २०१५ ला स्मायलरवर एक रिकामी गाडी वाटेत अडकली. यंत्रणेने मागची भरलेली गाडी बरोबर रोखून धरली होती. पुढे गाडी असल्याचं लक्षात न आल्याने ती माणसांनी सोडली, आणि ती अडकलेल्या गाडीवर आदळली. दोन तरुणींना एकेक पाय गमवावा लागला. राइडबद्दल बोलताना १४ चा आकडा सगळे सांगतात, हे फार थोडे सांगतात. मला ते बरोबर वाटत नाही.

आणि या रीतीने सगळंच कळतं असंही नाही. त्याच पार्कात २०१० साली ‘थर्टीन’ आली. तिची खरी गंमत एका बंद इमारतीत आहे: गाडी अंधारात थांबते, आणि तिच्यासकट ट्रॅकच सुमारे ५ मीटर खाली पडतो. मग गाडी उलट दिशेने बाहेर निघते. इन्व्हर्जन एकही नाही. अशा राइडपुढे माझ्या पट्टीचा काही उपयोग नाही. तिच्यासाठी रांगेतच उभं राहावं लागतं.